सासूबाईंची सत्तेचाळीस वर्षं

अर्जमास्तरांनी आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही रीतसर, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. ती म्हणजे शहरातल्या फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट. अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन ते इथे आले, तेव्हा एकाही माणसाला ओळखत नव्हते. पहिल्याच रविवारी स्टेडियमच्या दाराशी कुणीतरी आपलं जास्तीचं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. आत गेल्यावर गोल झाला आणि शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांच्या पाठीत असा गुद्दा हाणला की चष्मा दोन रांगा खाली गेला. त्या शहरात त्यांना आपलं म्हणणारा तो पहिला माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सीझन तिकिटासाठी अर्ज केला आणि प्रतीक्षायादीत त्यांचा नंबर लागला सहा हजार चारशे एकोणीस.

आता तो पाच हजार नऊशे दोनवर आला होता. यादी दर वर्षी साधारण सत्तेचाळीस माणसांनी पुढे सरकत असे, कारण स्टेडियम लहान, तिकीट असलेला माणूस ते जिवंतपणी सोडत नसे आणि इथली हवा चांगली होती. या गतीने आपला नंबर वयाच्या एकशे पंचाहत्तराव्या वर्षी लागेल असा हिशेब अर्जमास्तरांनी मांडून ठेवला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरसाहेबांनी तो तपासला आणि बरोबर असल्याचं सांगितलं. त्यांना दिलासा द्यायचा नव्हता, फक्त गणित तपासायचं होतं.

अर्जमास्तर हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या आवक-जावक विभागात ते हेडक्लार्क होते, आणि इमारतीत कुणालाही काही लिहायचं असलं की तो माणूस कोरा कागद घेऊन त्यांच्या दारात उभा राही. गळका पाइप असो, शाळेचा दाखला असो, लिफ्टची कुरकुर असो, अर्जमास्तरांनी लिहिलेला अर्ज वाचून साहेबलोकांचे डोळे पाणावत. लिफ्टवरच्या अर्जात त्यांनी लिफ्टला ‘वृद्धांचा एकमेव आधार’ म्हटलं होतं आणि ती तीन दिवसांत दुरुस्त झाली होती. स्वतःच्या कागदात मात्र ते एक अक्षर इकडचं तिकडे करत नसत. रजेच्या अर्जात पोट दुखत असेल तर ‘पोट, डावी बाजू, मध्यम’ असं लिहीत.

तर एका शनिवारी केस कापायच्या दुकानात बातमी आली की क्लब नवीन स्टेडियम बांधायचा विचार करतोय. चाळीस हजार जागांचं.

“काय गरज आहे?” न्हावी म्हणाला. त्याच्याकडे तेवीस वर्षांचं सीझन तिकीट होतं, त्यामुळे या विषयावर तो कात्री थांबवून बोलत असे. “मला माझ्या जागेवरून सगळं व्यवस्थित दिसतं.”

“तुला दिसतं रे. पण आम्ही?” साबण लावलेल्या चेहऱ्याने इंजिनियरसाहेब बोलले. “मागणी बघ की. सहा हजार लोक रांगेत आहेत.”

“मिळत नाही म्हणून मागतात. उद्या दार उघडं टाकलं की म्हणतील, आज पाऊस आहे, घरीच बघू.”

“आणि नवीन बांधणार कुठे? शहराबाहेर,” बाकावर बसलेले दाताचे डॉक्टर म्हणाले. ते अर्जमास्तरांचे समोरचे शेजारी. “हलत नाही तोवर जुना दात काढू नये.”

“ते छत कुठल्या दिशेला ठेवतात त्यावर सगळं आहे,” इंजिनियरसाहेब म्हणाले. त्यांनी हयात पुलांवर काढली होती, पण छताबद्दल त्यांची मतं ठाम होती.

अर्जमास्तरांच्या मानेवर वस्तरा होता, आणि मनात चाळीस हजारांतून जुन्या स्टेडियमच्या एकोणीस हजार जागा वजा होत होत्या. बाकी उरली एकवीस हजार. आपला नंबर पाच हजार नऊशे दोन. गेल्या अकरा वर्षांत इतकं सुंदर वजाबाकीचं गणित त्यांनी केलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात क्लबचं पत्रक निघालं. नव्या स्टेडियमचा विचार मागणी पाहून केला जाईल, सबब इच्छुकांनी मागणी-पाहणीचा फॉर्म भरावा. माणशी एक फॉर्म, एक फोटो. फॉर्मवर चार रकाने होते, आणि चौथा होता, ‘क्लबशी आपलं नातं किती वर्षांचं? सविस्तर लिहा.’ तळाशी बारीक अक्षरांत होतं की क्लबला योग्य वाटेल तेव्हा ही माहिती तिकीटवाटपासाठीही वापरता येईल. लोक अशी बारीक अक्षरं वाचत नाहीत. अर्जमास्तरांनी ती दोनदा वाचली. पण पाणीपुरवठा खात्यात ‘योग्य वाटेल तेव्हा’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. या तीन शब्दांखाली गाडलेल्या किमान दोनशे फायली त्यांनी स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. त्यामुळे ते निर्धास्त राहिले, आणि इथेच घात झाला.

मागणी दिसायची तर मागणारे हवेत. अर्जमास्तरांनी इमारतीचे चारही मजले पिंजून काढले.

“मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही,” दाताचे डॉक्टर म्हणाले.

“कळायचं नाहीये डॉक्टर. फक्त मागायचंय.”

“पण मी तर म्हणतो जुनंच बरं.”

“तेही नंतर कळवता येईल. वेगळा अर्ज करू.”

इंजिनियरसाहेबांनी सही केली, पण छताच्या दिशेबद्दल आठ पानांची पुरवणी जोडायच्या अटीवर. चौथ्या मजल्यावरच्या गायनशिक्षिकेने कडेची जागा मिळेल का आणि मागे टेकायला असेल का, असं विचारलं. सगळ्यांनी सह्या केल्या त्या कोऱ्या फॉर्मवर. बाकीचं तुम्हीच लिहा, तुमचा हात चांगला आहे, असं प्रत्येकाने सांगितलं. स्तुती ऐकली की अर्जमास्तरांचा हात जरा सैल सुटत असे.

डायनिंग टेबलावर तीन संध्याकाळी बसून त्यांनी बायको धरून पंचवीस माणसांचा चौथा रकाना भरला. इंजिनियरसाहेबांना अडतीस वर्षांची निष्ठा दिली. डॉक्टरांना तेहेतीस, आणि शिवाय क्लब हरला त्या दिवशी एकही दात न उपटण्याचं व्रत दिलं. गायनशिक्षिकेला बालपणी वडिलांच्या खांद्यावर बसवलं. पण खरा हात लागला तो सासूबाईंच्या फॉर्मला.

सासूबाई तीन वर्षांपासून त्यांच्याकडे राहत होत्या. सासरे गेल्यापासून त्या डॉक्टरकडे जाण्याखेरीज जिना उतरल्या नव्हत्या. पाय ठणठणीत होते. “कुठे जायचंय आता मला,” एवढंच म्हणायच्या आणि खिडकीपाशी बसायच्या. अर्जमास्तरांनी त्यांच्या नावावर सत्तेचाळीस वर्षं लिहिली. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याचा हात धरून भर थंडीत मॅचला जाणारी एक तरुण बाई त्यांनी उभी केली, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘आता ते नाहीत, पण शेजारची ती जागा मी मनाने अजून धरून ठेवली आहे.’ हे लिहून झाल्यावर त्यांना स्वतःलाच नाक पुसावं लागलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे सगळं मी केलं?”

“नुसती पाहणी आहे, आई. कुणी विचारणार नाही.”

“बरं,” म्हणून त्यांनी सही केली.

बायकोच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला, कारण ती वाचून सही करते. तिला बावीसच वर्षं दिली, म्हणजे लग्नाइतकी. तिने वाचलं, सगळ्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘मला नको. यांना द्या.’ खाडाखोड असल्याने तो फॉर्म अर्जमास्तरांनी बाद केला आणि फाइलला लावून ठेवला. मग स्वतःचा फॉर्म घेतला. चौथ्या रकान्यात लिहिलं, ‘अकरा वर्षं, दोन महिने. प्रत्यक्ष पाहिलेल्या मॅच चार.’ सविस्तर लिहिण्यासारखं याहून काही नव्हतं.

क्लबच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी सगळा गठ्ठा पाहून विचारलं, “हे सगळं अक्षर एकाच माणसाचं कसं?”

“आमच्याकडे अर्ज मीच लिहितो,” अर्जमास्तर म्हणाले.

“आणि ही पोच कशाला हवी? आम्ही फॉर्मची पोच देत नाही.”

पोच न घेता अर्जमास्तरांनी आजवर कागद सोडला नव्हता. ते खिडकीसमोर पाऊण तास उभे राहिले. मागची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी बाईंनी पंचवीस फॉर्मच्या पंचवीस प्रतींवर शिक्का मारला, आणि शेवटच्या शिक्क्याला टेबल हललं.

दोन महिन्यांनी क्लबचं दुसरं पत्रक आलं. मागणी अपेक्षेपेक्षा चौपट निघाली होती. क्लब भारावला होता. नवं स्टेडियम होईल तेव्हा होईल, तोवर जुन्याच स्टेडियममध्ये प्रत्येक रांगेच्या टोकाला एक घडीची खुर्ची टाकून दोनशे बारा नवी सीझन तिकिटं देण्यात येतील. ती प्रतीक्षायादीप्रमाणे न देता पाहणीतल्या चौथ्या रकान्याप्रमाणे दिली जातील, जुन्यात जुन्या चाहत्यांना आधी. क्लबला ते योग्य वाटलं होतं.

अर्जमास्तर ते पत्रक ऑफिसात वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी सवयीने त्यावर आवक शिक्का मारला, नंबर टाकला आणि पाणी मागवलं.

निवड झालेल्यांत त्यांच्या इमारतीतले चौघे होते. इंजिनियरसाहेब, डॉक्टर, गायनशिक्षिका आणि सगळ्यांत वर सासूबाई. तीस वर्षांखालच्या निष्ठेचा विचार झालेला नव्हता. अर्जमास्तर जिना चढून आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या, हातात क्लबचं पाकीट.

“जावईबापू, माझ्या नावाने पत्र आलंय,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याचं नाही.”

त्यात होतं की निष्ठेची खातरजमा करायला क्लबचे तपासनीस घरी येतील. अर्जमास्तरांच्या पोटात गोळा आला. डावी बाजू, मध्यमपेक्षा जास्त.

“खरं काय ते सांगून टाका,” बायको म्हणाली.

“आणि चोवीस फॉर्म माझ्या अक्षरात आहेत ते?”

“मग तेही सांगा.”

तपासनीस रविवारी सकाळी आले. उंच, गंभीर, काखेत फाइल. डॉक्टरांकडे आधी गेले होते, आणि हरलेल्या दिवशी दात न उपटणाऱ्या माणसाला भेटून भारावून आले होते. अर्जमास्तरांनी ठरवलं होतं की खरं बोलायचं. त्यांनी तसं तोंड उघडलंही. पण सासूबाई आतून आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून, केस नीट बांधून, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खिडकीकडे न जाता पाहुण्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. अर्जमास्तरांनी उघडलेल्या तोंडात बिस्किट घातलं.

“पहिली मॅच आठवते?” तपासनीसांनी विचारलं.

“तारखा कोण लिहून ठेवतं तेव्हा? थंडी होती एवढं आठवतं. यांनी आपला मफलर मला दिला आणि स्वतः आठ दिवस खोकत बसले.”

अर्जमास्तरांनी चमकून पाहिलं. हे फॉर्ममध्ये नव्हतं.

“आवडता खेळाडू?”

सासूबाईंनी थोडा विचार केला. “एक बारका होता. सारखा पडायचा.”

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं. “डाव्या बाजूने खेळायचा?”

“तोच.”

“माझे वडील फक्त त्याच्यासाठी जायचे,” तपासनीस म्हणाले. सगळ्या क्लबांत सगळ्या काळी एक बारका असतो आणि तो सारखा पडतो, हे सासूबाईंना कसं कळलं हे अर्जमास्तरांना शेवटपर्यंत समजलं नाही. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “घरात टीव्ही तुम्हीच लावता ना?”

जाता जाता तपासनीस अर्जमास्तरांकडे वळले. “तुमचाही फॉर्म आहे. अकरा वर्षं. काही पुरावा?”

अर्जमास्तरांनी कपाटातून फाइल काढली. मूळ अर्जाची पोच, दर वर्षी नंबर विचारून आणलेल्या अकरा चिठ्ठ्या, चार तिकिटांचे तुकडे, सगळं तारीखवार. तपासनीसांनी एकेक कागद पाहिला.

“इतका चोख पुरावा मी कुठेच पाहिला नाही,” ते म्हणाले. “अकरा म्हणजे अकराच. यात तीळभर शंका नाही.” आणि शेरा लिहून निघून गेले.

तिकिटावर फोटो होता, त्यामुळे एकाचं दुसऱ्याने वापरायची सोय नव्हती. पहिल्या मॅचला इमारतीतून चौघे निघाले. इंजिनियरसाहेबांनी होकायंत्र घेतलं होतं. गायनशिक्षिकेने टेकायला उशी घेतली. सासूबाई जिना उतरल्या, कठड्याला हात न लावता. अर्जमास्तरांनी त्यांना स्टेडियमच्या दारापर्यंत पोचवलं, तिकीट कुठे दाखवायचं, प्रसाधनगृह कुठल्या बाजूला आहे हे समजावून सांगितलं आणि बाहेर उभे राहिले. आतून आवाज उठला की गोल झाला हे कळत होतं, पण कुणी केला ते कळत नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी ते असंच ऐकलं होतं. पण आज आत सासूबाई होत्या, आणि अर्जमास्तरांना सरळ सरळ रडू आलं. त्यांनी ते चष्मा पुसण्यावर भागवलं.

“काय झालं मॅचमध्ये?” परतताना त्यांनी विचारलं.

“छान झालं,” सासूबाई म्हणाल्या. “गवत किती हिरवं आहे हो.”

“पण जिंकलं कोण?”

“ते नाही बाई विचारलं मी.”

त्या संध्याकाळी अर्जमास्तर जेवले नाहीत. हा धक्का मोठा होता.

नियमांचं पुस्तक मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. त्यात कलम सतरा सापडलं. सत्तरीपुढच्या तिकीटधारकास, गरज असल्यास, एक मदतनीस बरोबर नेता येईल, मदतनीसाने मागे स्टुलावर बसावं. अर्जमास्तरांनी लगेच अर्ज लिहिला, वृद्धत्व, गुडघे, अंधूक दृष्टी, सगळं घालून. सासूबाईंनी तो वाचला. त्या आता वाचून सही करायला लागल्या होत्या.

“माझे गुडघे दुखत नाहीत.”

“नियमासाठी लिहायचं, आई.”

“दोन जिने चढते मी. त्या खिडकीवरच्या बाईसमोर मी लंगडणार नाही. सत्तेचाळीस वर्षं लिहिलीत ते वेगळं. त्यात माझी शोभा होती.”

डॉक्टरांनी दाखला देऊ केला, पण ते दाताचे डॉक्टर असल्याने त्यांना ‘रुग्णास चावताना आधार लागतो’ याच्या पलीकडे जाता येईना. खिडकीवरच्या बाईंनी तो परत पाठवला. पुढच्या मॅचला आठ दिवस उरले. अर्जमास्तरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अर्ज सुचत नव्हता. ते रिकाम्या कागदासमोर बसून राहत.

शेवटी सासूबाईंनीच कागद ओढून घेतला आणि आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः, एकट्या, क्लबच्या खिडकीवर जाऊन आल्या. येताना पोच घेऊन आल्या. अर्जमास्तरांनी प्रत वाचली. चारच ओळी होत्या.

‘माझे जावई चांगले आहेत. मॅचच्या दिवशी त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. ते दाराबाहेर उभे राहतात आणि मला आत बसून बरं वाटत नाही. तरी त्यांना माझ्याबरोबर आत घ्यावं.’

खाली खिडकीवरच्या बाईंचा शेरा होता, की कलम सतरामध्ये गरज कुणाची असावी ते लिहिलेलं नाही, सबब मंजूर. एका शिक्क्यात काम झालं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत इतका वाईट लिहिलेला अर्ज इतक्या लवकर मंजूर झालेला अर्जमास्तरांनी पाहिला नव्हता. त्यात विषय नव्हता, संदर्भ नव्हता, ‘आपली विश्वासू’ही नव्हतं. त्यांचा व्यावसायिक अभिमान दुखावला होता आणि त्यांना आनंदही झाला होता.

रविवारी ते आत गेले. सासूबाई घडीच्या खुर्चीवर, मांडीवर थर्मास घेऊन. मागे लाकडी स्टुलावर अर्जमास्तर, छातीवर ‘मदतनीस’ असा बिल्ला. स्टुलासमोर बरोबर मधोमध छताचा खांब आला होता, त्यामुळे त्यांना मैदानाचं डावं टोक दिसत होतं आणि उजवं टोक दिसत होतं, मधलं दिसत नव्हतं. खेळाडू एका बाजूने खांबात शिरत आणि दुसऱ्या बाजूने निघत. मध्यंतराला भोंग्यावरून जाहीर झालं की नव्या स्टेडियमबाबत योग्य वाटेल तेव्हा कळवण्यात येईल. चार रांगा खाली इंजिनियरसाहेब होकायंत्र घेऊन उभे राहिले आणि लोकांनी त्यांना खाली बसवलं.

सामना संपायला पाच मिनिटं असताना गोल झाला. तो खांबाच्या मागे झाला. अर्जमास्तरांनी फक्त एकोणीस हजार माणसं एकदम उठताना पाहिली, आणि त्याच क्षणी पुढच्या खुर्चीवरून वळून सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर असा जोरात हात मारला की चष्मा खाली आला. त्यांनी तो वरच्या वर झेलला.

“त्या बारक्याने मारला,” सासूबाई म्हणाल्या. “पडता पडता मारला.”

सासूबाईंच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ मागे वळून स्टुलावरच्या माणसाकडे पाहत होते. खांबाकडे तोंड करून डोळे पुसणारा मदतनीस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

“आमचे जावई,” सासूबाई थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या. “सांभाळून घ्या. नवीन आहेत, अकराच वर्षं झालीत.”

अर्जमास्तरांनी मान डोलावली, चष्मा लावला आणि स्टूल खांबाच्या जरा अलीकडे सरकवून घेतलं.